पैकी दोन

साताऱ्यात पोवई नाक्याच्या उताराला माझं दुकान,
फळीएवढं. पाटीवर 'रफू' होतं,
त्यातला 'फू' उन्हानं नेला, मी पुन्हा काढला नाही.
भोक घेऊन येणाऱ्याला अक्षर लागत नाही.

फडतरे मास्तर पुसेगावहून आले,
साडीच्या दुकानाची पिशवी, तिच्यात कोट.
हिरवा, जवळजवळ काळा सर्ज. पितळी बटणं सात,
आठव्याच्या जागी शर्टाचं.
"आजोबांचा. हवालदार राणोजी फडतरे.
शाळेत काचेच्या पेटीत ठेवायचाय.
खाली काय लिहायचं तेवढं नक्की करून द्या,
आणि ही फीत लोंबतेय, मशीनवर मारा."

माझे वडील पलटणीचे शिंपी.
बंदुकीला त्यांनी हात लावला तो बाजूला ठेवायला,
माप घेताना मध्ये येते म्हणून.
पाढ्यांच्या आधी मला बाही शिकवली:
दंडावर, टोक खाली, तो हुद्दा.
एक लान्स नाईक, दोन नाईक, तीन हवालदार.
डाव्या मनगटापाशी, टोक वर,
तो हुद्दा नव्हे रे, ती वर्षं.
इतकी वर्षं गैरहजर नाही, नशेत नाही, उलट उत्तर नाही.
गप्प बसल्याची फीत, ते म्हणायचे.
आणि दंडावर तिसरी चढली
की मनगटावरच्या उतरवायच्या.
हवालदाराच्या चांगुलपणाचा
सरकार हिशेब ठेवत नाही.

राणोजींच्या मनगटावर दोन्ही होत्या,
टोकं वर, जागच्या जागी.
दंडावर तीन.

मी काही बोललो नाही. बाही उलटी केली.
कोट सुलटा असतो तोवर
घरच्यांनी शिकवलेलंच बोलतो.
वरच्या दोन फिती: पलटणीचा टाका, बारीक, एकसारखा.
कडेला नख घालून पाहिलं, खाली सर्ज
दुकानातून आणल्यासारखा गर्द.
तिसरीखाली तो विटलेला, बाकीच्या कोटाइतकाच.
म्हणजे कोट आधी म्हातारा झाला
आणि मग ही आली.

फीतही फीत नव्हती.
कंदिलाची वात. चपटी, विणीची,
दुमडून टोक काढलेलं, कोरी,
एका बाजूनंसुद्धा न जळलेली.
दोरा दुहेरी, धावता टाका,
दर चार टाक्यांनी एक उलटा.

"घरात गोधड्या कोण शिवायचं, मास्तर?"
"आजी. का?"
"काही नाही. आजोबा रजेवर यायचे?"
"एकदा आले म्हणतात. वडील पोटात होते.
नंतर कोट आला."
त्यांनी हे असं सांगितलं
जसं कुणी सांगतं, नंतर एसटी आली.

मी सुईत दोरा ओवला. तीनदा चुकला.
वात घेताना दुकानदाराला तिनं काय सांगितलं असेल?
कंदील फुटलाय? पाहुणे येणारेत?
आणि त्या रात्री
अंधारातच बसली असेल की शेजारून उजेड आणला?
हुकूम नाही, सही नाही, शिक्का नाही.
बढती मात्र झाली.

मशीनवर मारली नाही.
तिच्याच भोकांतून सुई नेली, एकेचाळीस भोकं,
उलटा टाका जिथं होता तिथंच उलटा घातला.
दोन ठिकाणी ती चुकली होती, तिथं मीही चुकलो.

पावती फाडली:
कोट एक. बटणं आठ, पैकी सात पितळी.
फिती तीन, पैकी दोन सरकारी.

मास्तरांनी वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं.
बाहीवर अंगठा फिरवला, वातीपाशी थांबला.
उतारावर कुणीतरी ब्रेक दाबला, हॉर्न वाजले बरेच.
"मग पेटीवर," ते म्हणाले, "लिहू काय?"

मला हुद्दे ओळखता येतात,
लिहायचं कधी कुणी विचारलं नव्हतं.
म्हटलं, काच बसवताना ती बाही जरा दुमडा,
आतली बाजू दिसेल अशी.